एकाच दिवसाचे दोन दर

डेअरीला घातलेल्या दुधाचं बिल पश्चिम महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी निघतं. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, प्रत्येक वेळची फॅट, प्रत्येक वेळचं एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), आणि या दोन आकड्यांवरून दरपत्रकात बघून लावलेला लिटरचा दर. पूर्वी हे काम संस्थेचा सचिव बोट फिरवत करायचा. आता रात्री गावोगावच्या केंद्रांवरून आकडे मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर चढतात आणि एक अपडेट क्वेरी सगळ्या नोंदींना दर लावून मोकळी होते. सभासदाच्या खिशात मात्र केंद्रावरच्या मशीननं त्याच वेळी छापलेली पावती असते. पावतीवरचा दर आणि बिलातला दर जुळला नाही, तर सभासद दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दारात हजर.

खालचा संवाद भावंडांचा आहे. भाऊ अशाच एका दूध संघाच्या सॉफ्टवेअरचं काम बघतो. ताई पुण्यात एका मोठ्या कंपनीचे डेटाबेस सांभाळते. नावं मुद्दाम घातलेली नाहीत. दोघांची भांडणं लहानपणापासूनची, फक्त विषय बदलत गेले.

भाऊ : ताई, क्वेरी अगदी साधी आहे. अपडेट संकलन, सेट दर, फ्रॉम दरपत्रक. व्हेअरमध्ये जनावर जुळवलं, फॅट जुळवली, एसएनएफ जुळवलं, आणि दुधाची तारीख दरपत्रकाच्या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांच्या बिट्वीन. संपलं. महिनोन् महिने बरोबर चालते आणि मधेच एखाद्या बिलात काही सभासदांचा दर चुकतो. तीच क्वेरी परत चालवली की त्यांचं बरोबर येतं, आणि कधी कधी भलत्याच कुणाचं तरी बिघडतं.

ताई : क्वेरी पाठव मला.

भाऊ : पाठवतो, पण क्वेरी बघून काय होणार? ती दहा वेळा वाचलीय. मी वेगळा बेत केलाय. ऑटो-एक्सप्लेन चालू करतो, म्हणजे प्रत्येक वेळचा प्लॅन लॉगमध्ये येईल. संकलनाच्या टेबलवर एक ऑडिट ट्रिगर बसवतो, दर बदलला की जुना, नवा, वेळ आणि कनेक्शन लिहून ठेवेल. पुढच्या वेळी चूक झाली की रंगेहाथ सापडेल.

ताई : आणि पुढची वेळ येईपर्यंत?

भाऊ : थांबायचं.

ताई : म्हणजे लोकांची बिलं चुकेपर्यंत थांबायचं. अरे, कधी बरोबर आणि कधी चूक असं उत्तर देणारी क्वेरी ‘कधी कधी चुकणारी’ नसते. ती रोजच चुकीची असते, काही दिवस उत्तर योगायोगानं बरोबर येतं. हे कागदावर बसून कळायला हवं.

भाऊ : कागदावर बसून जे कळतं ते कळलेलं असतं असं नाही. आपल्याला पटलेलं असतं, एवढंच.

(इथे मला भाऊ जास्त पटतो. क्वेरी वाचून ‘सापडलं!’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना सापडलेल्या गोष्टीचा तक्रारीशी संबंध असतोच असं नाही.)

ताई : बरं, तुझ्या पद्धतीनं जाऊ. संशयित कोण कोण?

भाऊ : पहिला संशय फॅटच्या कॉलमवर होता. एका टेबलमध्ये तो फ्लोट आणि दुसऱ्यात न्यूमेरिक असला तर ३.४ बरोबर ३.४ जुळेलच असं नाही.

ताई : तसं असतं तर तीच नोंद रोज चुकली असती. आज न जुळणारा आकडा उद्या जुळत नाही. रिकाम्या किमतीचंही तेच, नल आज नल असेल तर परत चालवल्यावरही नलच. तुझी चूक जागा बदलते. जी कारणं दर वेळी एकच फळ देतात ती सगळी यादीतून काढ.

भाऊ : काढली. मग उरतं एकाच वेळी चालणारं काम. रात्री साडेआठ-नऊला सगळ्या केंद्रांचा डेटा एकदम चढतो. त्याच वेळी कुणी कार्यालयात नोंद दुरुस्त करत असेल. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याची डीफॉल्ट आयसोलेशन पातळी रीड कमिटेड. ओरॅकलची तीच, एसक्यूएल सर्व्हरचीही तीच. मायएसक्यूएलचं इनोडीबी तेवढं रिपीटेबल रीडवर असतं. रीड कमिटेडमध्ये काय होतं ते पोस्टग्रेसच्याच दस्तऐवजात दिलंय. टेबलमध्ये दोन नोंदी, एकीत ९ आणि दुसरीत १०. एक व्यवहार दोन्हींत १ मिळवतोय, दुसरा ‘जिथे १० आहे ती नोंद काढून टाक’ म्हणतोय. आधी बघितलं तर १० असलेली नोंद आहे, नंतर बघितलं तरी आहे, कारण ९ची १० झाली. तरीही एकही नोंद जात नाही.

ताई : कारण डिलीटनं सुरुवातीला बघितलं तेव्हा ९ची नोंद अटीत बसत नव्हती, म्हणून ती सुटली. १०ची बसत होती, पण ती कुलपात होती. कुलूप सुटल्यावर पुन्हा तपासली तर ती ११ झालेली. बरोबर आहे उदाहरण, आणि लोकांना ते बग वाटतं. पण तुझ्या क्वेरीत हे घडतंय याला पुरावा?

भाऊ : पुरावा उलटा मिळाला. मध्यरात्रीनंतर सगळी कनेक्शनं बंद केली. सर्व्हरवर मी एकटा. क्वेरी चालवली, निकाल बाजूला कॉपी केला, थोड्या वेळानं परत चालवली. दोन निकाल वेगळे आले.

ताई : मग हे मला आधी सांगायचं होतंस! इतक्या वेळच्या गप्पांपेक्षा ही एक गोष्ट मोलाची आहे. दुसरं कुणी नसताना फरक पडला म्हणजे गर्दीचा प्रश्नच मिटला.

भाऊ : बघ, वाचून नाही मिटला. करून बघितलं म्हणून मिटला. आणि म्हणूनच आता माझा संशय खुद्द डेटाबेसवर आहे.

ताई : आलाच का तिथे?

भाऊ : हसू नकोस. आम्ही पोस्टग्रेस १४ वर आहोत. १४च्या पहिल्या काही आवृत्त्यांत चालू डेटाबेसवर इंडेक्स बांधताना तो बिघडू शकत होता. २०२२च्या जूनमध्ये १४.४ काढून ते दुरुस्त करावं लागलं. त्याआधी, २०१८ साली लिनक्सच्या जीलिबसीची २.२८ आवृत्ती आली आणि अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली की मजकुरावरचे जुने इंडेक्स नव्या क्रमाशी विसंगत व्हायचे. टेबलमध्ये नोंद आहे आणि इंडेक्स म्हणतो नाही. क्वेरीचं एक अक्षर न बदलता. सांग, क्वेरी वाचत बसलेल्याला हे कधी दिसलं असतं का?

ताई : नसतं दिसलं. मान्य. तुमचा सर्व्हर त्या आवृत्त्यांवर आहे?

भाऊ : नाही, पुढच्या आवृत्तीवर आहे. इंडेक्सही पुन्हा बांधून बघितले. फरक नाही.

डेटाबेसच चुकतो ही शंका नेहमीच खुळी नसते. १९७०च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर तयार होत होती. एसक्यूएल प्रत्यक्षात चालवून दाखवणारा तो पहिला मोठा प्रकल्प. तिथे २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असणाऱ्यांना १० टक्के वाढ द्या, अशी एक अपडेट क्वेरी चालवली, आणि सगळ्यांचे पगार २५,०००च्या वर जाऊन थांबले. डेटाबेस पगाराच्या इंडेक्सवरून नोंदी शोधत होता. वाढ दिलेली नोंद त्याच इंडेक्समध्ये पुढे सरकत होती आणि पुन्हा समोर येत होती, मर्यादा ओलांडेपर्यंत. प्रकल्पातले पॅट सेलिंजर आणि मॉर्टन अॅस्ट्राहान ही गोष्ट आपले सहकारी डॉन चेंबरलिन यांच्याकडे घेऊन गेले. दिवस हॅलोवीनचा होता, म्हणून त्याला नाव पडलं ‘हॅलोवीन प्रॉब्लेम’. तीच क्वेरी दुसऱ्या मार्गानं चालवली असती तर उत्तर बरोबर आलं असतं. भावाला हा किस्सा फार आवडतो. ताईनं मात्र त्याच किश्श्याचं दुसरं टोक धरलं.

ताई : त्या क्वेरीला बरोबर उत्तर एकच होतं. प्रत्येकाला एकदा १० टक्के. डेटाबेसनं दुसरं दिलं, म्हणून चूक डेटाबेसची. तुझ्या क्वेरीला बरोबर उत्तरं किती आहेत ते आधी बघ. मी वाचली ती. तुझं बिट्वीन दोन्ही टोकं धरतं. एक दरपत्रक १६ तारखेला संपत असेल आणि पुढचं १६ तारखेलाच सुरू होत असेल, तर १६च्या दुधाला दोन दर जुळतात.

भाऊ : जुळले तर काय होईल? नंतरचा आधीच्यावर बसेल.

ताई : नाही बसत. तसं झालं असतं तर निदान अंदाज तरी करता आला असता. पोस्टग्रेसमध्ये एका अपडेटनं एकदा हात लावलेल्या नोंदीला तीच अपडेट पुन्हा हात लावत नाही. जॉईनमधून जी जोडी आधी बाहेर आली तिचा दर लागला, दुसरी गुपचूप सोडून दिली. ना चूक दाखवली, ना सूचना. दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय की जुळणाऱ्यांतली एकच ओळ वापरली जाईल आणि कोणती, ते आधी सांगता येणार नाही.

भाऊ : इतकी महत्त्वाची गोष्ट आणि साधा इशाराही नाही?

ताई : अपडेट फ्रॉम हे प्रमाण एसक्यूएल नाहीच, प्रत्येकानं आपापलं घातलंय. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हरही असाच गप्प राहतो. मायएसक्यूएलमध्ये लिहायची तऱ्हा वेगळी, पण तिथेही नोंद एकदाच बदलते. ओरॅकल या बाबतीत कडक. एका ओळीला समोरून एकच ओळ जुळेल याची खात्री टेबलच्या रचनेतून मिळाली नाही, तर जॉईनवरचं अपडेट तो बरीच वर्षं चालवूच देत नव्हता. आणि मर्ज वापरलंस आणि एकाच नोंदीवर दोन ओळी आल्या, तर ओआरए-३०९२६ तोंडावर फेकतो. त्या नंबरला शिव्या घालणारे खूप आहेत. मी नाही घालत.

भाऊ : ठीक. दोन दर जुळतात हे धरून चालू. तरी माझा मूळ प्रश्न तसाच आहे. दोन ओळी कालही त्याच, आजही त्याच. मग आज एक आणि उद्या दुसरी का? हे जोवर सांगता येत नाही तोवर तुझं म्हणणं माझ्या लेखी तर्कच.

(ताईनं इथे हात झटकले असते तरी चाललं असतं. दोन उत्तरं शक्य आहेत एवढं कळलं की दुरुस्तीला पुरेसं असतं. पण भावाचा प्रश्न रास्त आहे आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात रंजक भागही हाच.)

ताई : टेबलमध्ये ओळींना क्रम नसतो. ऑर्डर बाय लिहिलं नाहीस तर हाती येणारा क्रम हा डेटाबेसच्या सोयीचा. आणि पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी बदलत नाही. नवी प्रत लिहितो, जुनी मृत ठरवतो, पुढे व्हॅक्युम येऊन ती जागा मोकळी करतो. कार्यालयातल्या कुणी जुन्या दरपत्रकातल्या एका ओळीची नुसती टीप बदलली, तरी ती ओळ फाइलमध्ये दुसरीकडे जाऊन बसते. काल ती नव्या दराच्या आधी भेटत होती, आज नंतर भेटते.

भाऊ : म्हणून सगळ्यांचं एकदम बिघडत नाही! फॅट-एसएनएफच्या प्रत्येक चौकटीची दोन दरपत्रकांत एकेक ओळ, आणि कोणत्या जोडीत कोण आधी ते प्रत्येक चौकटीचं वेगळं.

ताई : हो. दुसरं, जॉईनची पद्धत. नेस्टेड लूप ओळी एका क्रमानं शोधतो. हॅश जॉईनमध्ये दरपत्रकाचं हॅश टेबल बनलं, तर एका खणात शेवटी पडलेली ओळ आधी हाती लागते. म्हणजे प्लॅन बदलला की जिंकणारी ओळ उलटू शकते. प्लॅन ठरतो आकडेवारीवरून. ही आकडेवारी डेटाबेस आपणहून ताजी करतो, साधारण १० टक्के आणि वर ५० ओळी बदलल्या की. तुमचं चालू बिलाचं टेबल लहान. रात्रीचा डेटा चढल्या चढल्या क्वेरी चालली तर आकडेवारी शिळी, जरा वेळानं चालली तर ताजी.

भाऊ : थांब. मग माझा मध्यरात्रीचा प्रयोग... पहिल्या खेपेला क्वेरीनं टेबलमधली प्रत्येक ओळ बदलली. म्हणजे १० टक्के सोड, सगळीच. लगेच आकडेवारी ताजी झाली, आणि दुसऱ्या खेपेला प्लॅन वेगळा. क्वेरीनं स्वतःच्याच पुढच्या खेपेची परिस्थिती बदलली.

ताई : शक्य आहे.

भाऊ : शक्य नको, बघून सांगतो. व्यवहार सुरू करून हॅश जॉईन बंद करतो, क्वेरी चालवतो, निकाल काढून घेऊन रोलबॅक. मग हॅश जॉईन चालू आणि नेस्टेड लूप बंद, परत तेच.

ताई : खऱ्या सर्व्हरवर नको, कॉपीवर कर.

भाऊ : कॉपीवर चूक दिसतच नाही, हीच तर इतके दिवसांची रड आहे. बॅकअपमधून उभी केलेली कॉपी म्हणजे मृत ओळी गळालेल्या, आकडेवारी ताजी, सगळं नीटनेटकं. पण प्लॅन जबरदस्तीनं बदलला तर तिथेही दिसायला हवी. कॉपीवरच करतो.

त्यानं ते केलं. हॅश जॉईन बंद असताना एक निकाल आला आणि चालू असताना दुसरा. इतके दिवस लहरीपणा वाटत होता तो आता हुकमी उलटत होता. त्यानंतर ताईनं सांगितलेली तपासणी त्यानं चालवली. अपडेटमधलाच जॉईन सिलेक्टमध्ये लिहायचा, संकलनाच्या नोंदीच्या क्रमांकावर ग्रुप बाय, आणि हॅविंगमध्ये एकपेक्षा जास्त. माझ्या मते अपडेट फ्रॉम लिहिणाऱ्या प्रत्येकानं ही क्वेरी आधी चालवावी. ती लिहायला दोन मिनिटं लागतात. यादी आली ती सगळी दरबदलाच्या दिवसांची. दर वर्षातून मोजक्याच वेळा बदलतो, म्हणून महिनोन् महिने शांतता.

पण यादी तक्रारींपेक्षा बरीच मोठी होती.

भाऊ : तक्रारी मूठभर आणि यादीत इतके लोक. बाकीच्यांना बरोबरच दर लागला असणार, योगायोगानं.

ताई : काहींना. पण काहींना जास्त लागला असेल. जास्त पैसे आले म्हणून तक्रार करायला कोण येतो? तू पुरावा पुरावा म्हणतोस, पण तुझा पुरावा निम्माच होता. ज्यांचं नुकसान झालं तेवढेच तुला दिसले.

भाऊ : हे मान्य. आता दुरुस्ती सोपी आहे. एका तारखेला दोन दरपत्रकं जुळली तर ज्याची ‘पासून’ तारीख नंतरची ते घ्यायचं. उतरत्या क्रमानं ऑर्डर बाय, लिमिट १. क्वेरी कितीही वेळा चालव, उत्तर एकच.

ताई : उत्तर एकच येईल. बरोबर येईल हे कशावरून?

भाऊ : नवा दर लागू झालाय, म्हणजे नवाच लागणार.

ताई : हे तू ठरवलंस. मला हे असलं लिमिट १ आवडत नाही. दोन दर जुळतातच कसे? जुळूच नयेत. दरपत्रकाच्या टेबललाच अट घाल. एकाच जनावराच्या, फॅटच्या, एसएनएफच्या दोन ओळींची मुदत एकमेकीवर चढता कामा नये. पोस्टग्रेसमध्ये एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट २०१० पासून आहे, ९.० मध्ये आला. मुदतीसाठी रेंज टाइप २०१२ मध्ये, ९.२ ला. आता २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत तर एसक्यूएल:२०११ मधलं विदाउट ओव्हरलॅप्स थेट लिहिता येतं. चुकीची नोंद आत येऊच द्यायची नाही, मग क्वेरीला निवड करायची वेळच येत नाही.

भाऊ : आणि कार्यालयातला माणूस रात्री दर भरत असताना डेटाबेस इंग्रजीत ‘नाही’ म्हणाला की तो काय करेल?

ताई : बरोबर तारीख भरेल.

भाऊ : नाही गं ताई. डेटाबेस ज्या तारखेला ‘हो’ म्हणेल ती भरेल.

इथपर्यंत दोघांच्याही दुरुस्त्या तयार होत्या आणि दोन्ही चुकीच्या होत्या. निकाल लावला तो भावाच्या खोडीनं. यादी मिळाल्यावरही त्याचं समाधान झालं नव्हतं. त्यानं प्रत्येक नोंदीपुढे पावतीवरचा दर मांडून बघितला.

भाऊ : ताई, १६ तारखेच्या पावत्या बघ. सकाळच्या सगळ्या पावत्यांवर जुना दर, संध्याकाळच्या सगळ्यांवर नवा. एकही अपवाद नाही.

ताई : म्हणजे?

भाऊ : कार्यालयात फोन केला. दर भरणारे गृहस्थ म्हणाले, ‘साहेब, दर संध्याकाळच्या दुधापासून बदलतो. सकाळचं दूध जुन्या दरानंच जातं. म्हणून जुनं दरपत्रक सोळापर्यंत आणि नवं सोळापासून भरतो. असंच भरायचं असतं ना?’ केंद्राचा सचिव दुपारी मशीनमध्ये नवं दरपत्रक चढवतो, म्हणून पावत्या बरोबर येतात. त्यांनी चूक केलीच नाही. एका दिवसाला खरंच दोन दर होते.

ताई : आणि तुझ्या टेबलमध्ये सकाळ-संध्याकाळ...

भाऊ : संकलनात वेळेचा कॉलम आहे. दरपत्रकात नाही. तिथे फक्त तारीख.

ताई : म्हणजे तुझं लिमिट १ लावलं असतं तर सकाळच्या सगळ्या दुधाला संध्याकाळचा दर लागला असता. समज, गाईचं ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचं दूध सकाळी ३३ रुपयांनी गेलं आणि संध्याकाळपासून दर ३१ झाला. बारा लिटर घालणाऱ्याचे चोवीस रुपये गेले. दर बदलाला, प्रत्येकाचे, न चुकता. आणि क्वेरी कितीही वेळा चालवली तरी तेच उत्तर येतंय म्हणून तू छातीठोकपणे सांगितलं असतंस की हिशोब बरोबर आहे, पावतीचं मशीन बघा.

भाऊ : आणि तुझा कन्स्ट्रेंट लावला असता तर त्यांना जुनं दरपत्रक १५ला बंद करावं लागलं असतं. निकाल अगदी तोच. फक्त माझ्या क्वेरीऐवजी त्यांच्या हातून.

ताई : हो. खरी माहिती मांडायला टेबलमध्ये जागाच नव्हती आणि मी वर पहारेकरी बसवायला निघाले होते.

(चूक लहरी होती म्हणून ही माणसं इथवर पोचली. ती पहिल्यापासून ठाम असती तर ‘संघाची पद्धतच तशी आहे’ म्हणून सगळ्यांनी ती मान्य केली असती. एकसारखं येणारं उत्तर तपासायला सहसा कुणी जात नाही.)

भाऊ : मग आता दरपत्रकात ‘पासून’ला तारखेबरोबर सत्र घालायचं. सकाळ किंवा संध्याकाळ.

ताई : त्यापेक्षा तारीख आणि वेळ एकत्र धर. १६ची संध्याकाळ म्हणजे १६ तारीख, दुपारचे बारा. मुदत डावीकडून बंद, उजवीकडून उघडी. जुनं दरपत्रक बारा वाजेपर्यंत, पण बारा त्याच्यात नाही. नवं बारापासून. बिट्वीन काढून टाक. आता माझा कन्स्ट्रेंट लाव, आता तो खोटं बोलायला लावणार नाही.

भाऊ : स्क्रीनवर त्यांना वेळ भरायला लावणार नाही मी. तारीख आणि सकाळ-संध्याकाळचं बटण. आणि ‘पर्यंत’ विचारायचंच नाही. नवं दरपत्रक आलं की जुन्याची मुदत प्रोग्रॅम बंद करेल.

ताई : हे चांगलं. क्वेरीही बदल. पोस्टग्रेस १५ मध्ये मर्ज आलं, २०२२ ला. त्यात एका नोंदीवर दोन ओळी आल्या तर तो चूक दाखवून थांबतो.

भाऊ : आम्ही १४ वर आहोत, सांगितलं ना.

ताई : मग सेट दर बरोबर कंसात सिलेक्ट. आतल्या सिलेक्टमधून दोन ओळी आल्या तर तेही थांबतं.

भाऊ : आणि एकही आली नाही तर नल लिहून मोकळं होतं. तुझ्या कडक क्वेरीनं जिथे दरपत्रकात चौकटच नाही तिथला आधीचा दरही पुसला जाईल.

ताई : दर कॉलमला नॉट नल आहे का?

भाऊ : नाही. केंद्रावरून नोंद येते तेव्हा दर नसतोच.

ताई : मग अपडेटच्या आधी मोजणी. ज्या नोंदीला बरोबर एक दर जुळत नाही, शून्य किंवा दोन, अशा नोंदी किती ते काढ. एकही असली तरी क्वेरी चालवायची नाही, यादी कार्यालयाला पाठवायची.

भाऊ : बिलाच्या आदल्या रात्री एका नोंदीसाठी सगळ्या संघाचं बिल अडवायचं? ताई, दुसऱ्या दिवशी गावोगावी पैसे वाटायचे असतात. त्या नोंदी बाजूला ठेवतो, बाकीच्यांचं बिल काढतो.

ताई : आणि बाजूला ठेवलेल्या नोंदींचा मालक?

भाऊ : त्याच्या बिलावर छापू ना, या दिवसाचा दर बाकी आहे म्हणून.

ताईला हे पटलं नाही. तिच्या मते अर्धवट बिल काढायची सोय एकदा केली की बाजूला ठेवलेल्या नोंदी बाजूलाच राहतात. मलाही तसंच वाटतं, पण बिलाच्या दिवशी मी तिथे नसतो आणि भाऊ असतो.

ताई : मागच्या बिलांचं काय करणार?

भाऊ : तेच बघतोय. दरबदलाचे सगळे जुने दिवस नव्या क्वेरीनं पुन्हा मोजता येतील. पण फरक काढायचा तर त्या वेळी प्रत्यक्ष कोणता दर दिला ते हवं. क्वेरी प्रत्येक खेपेला दर पुसून नवा लिहीत होती. टेबलमध्ये शेवटच्या खेपेचा दर आहे, बिल कोणत्या खेपेवर निघालं ते कुठेच नाही.

ताई : वाटलेल्या बिलांच्या छापील प्रती?

भाऊ : कार्यालयात असतात. बिलावर एकूण लिटर आणि एकूण रक्कम असते. दिवसवार दर नसतो.

ताई : मग रकमेवरून काढ. बरोबर दरानं दहा दिवसांची रक्कम किती यायला हवी होती आणि किती दिली. फरक फक्त एका दिवसाचा असणार, तो किती लिटरला कितीनं, ते ताळा करून बघता येईल.

भाऊ : ज्यांना कमी गेले त्यांना देऊ. संघाची हरकत नसणार, रक्कम फार मोठी नाही. ज्यांना जास्त गेले त्यांच्याकडून पुढच्या बिलात कापायचे का, हे मला विचारतायत.

ताई : तू काय सांगितलंस?

भाऊ : आकडे देतो म्हणालो, कापायचं की नाही ते संचालक मंडळानं ठरवावं. आणि यापुढे दर पुसायचा नाही. प्रत्येक खेपेची वेगळी ओळ, तिला खेपेचा क्रमांक, आणि बिलावर तोच क्रमांक छापलेला.

ताई : टेबल किती वाढेल त्याचा हिशोब केलास?

भाऊ : केला. परवडतंय. तू तो कन्स्ट्रेंट लिहून पाठव.